भिलाईच्या मॅटवर पाठ टेकताना

प्रतिमाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांचा आखडलेला खांदा हलवून देत होते.

"ताई, कोच येऊन राहिली! मोबाइलमधली नाही, खरीखुरी. तू ये नं."

प्रतिमा भिलाईच्या एका शाळेत खेळ शिकवते. आमची ओळख रायपूरच्या एका स्पर्धेत झाली. आम्ही दोघी ब्राझिलियन जिउ-जित्सू खेळतो. यात जमिनीवर झुंजायचं असतं. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवायचं, सांधा किंवा गळा पकडीत आणायचा, आणि आपण स्वतः अडकलो तर हाताने थापटून हार मानायची. मी नागपुरात फिजिओथेरपी करते आणि संध्याकाळी चार मैत्रिणींना हे शिकवते. प्रतिमाने मात्र भिलाईतल्या मरोदा वस्तीत अख्खा गट उभा केला होता, तोही गोव्याच्या लॉर्ना नावाच्या ब्लॅक बेल्ट बाईंचे धडे मोबाइलवर बघून. मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

जानेवारीत जाणार असाल तर नागपूरहून सकाळची गाडी धरा. गोंदिया सुटलं की शेतं मागे पडतात आणि जंगल खिडकीशी येतं. बांबूच्या बेटांमधून धुकं सरकत असतं, मध्येच बोगदा येतो, डबा काळोखात बुडतो, आणि बाहेर पडल्यावर ऊन थोडं वेगळं वाटतं. डोंगरगडची टेकडी दिसेपर्यंत मी कुठून निघाले हेच विसरले होते. उतरायचं दुर्गला, कारण भिलाईच्या लहान स्टेशनांवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत. बाहेर शेअर ऑटो मिळतात.

प्रतिमाचं घर स्मृति नगरात. तिचे बाबा, रामदासकाका, मूळचे भंडाऱ्याकडचे. स्टील प्लांटमध्ये भट्टीवर नोकरी करून निवृत्त झालेले. काकूंनी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा केला होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू डॉक्टरीण आहेस नं बाई," काका म्हणाले, "मंग सांग. कुस्ती मले समजते. पण हे लोळणं कावून?"

"बाबा, आता नको," प्रतिमा म्हणाली. ते आजवर एकदाही हॉलवर गेले नव्हते.

हॉल मरोद्यात, बुद्धविहाराला लागून. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा प्लांटच्या दिशेला आभाळ फिकट नारिंगी झालं होतं. सूर्य बुडाल्यावरही भट्ट्यांचा तो रंग तसाच राहिला. आत निळ्या मॅटा अंथरलेल्या. बँकेतली एक मुलगी, प्लांटमधले दोघे फिटर, कॉलेजची पोरं, आणि शेजारच्या देवकीभाभी, सलवारीवर गी, म्हणजे या खेळाचा जाड पांढरा डगला, घातलेल्या. लॉर्ना कोच बुटक्या, शांत. त्या प्रत्येकाशी खेळल्या. त्यांच्याखाली मी अडकले तेव्हा भीती वाटलीच नाही. तळ्यात पाठीवर तरंगताना कानात पाणी जावं आणि जग दूर जावं, तसं झालं. नुसता स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

परत येताना प्रतिमाने स्कूटर थांबवली.

"कोच मले बोलवून राहिली ताई. उन्हाळाभर गोव्यात राहा, शिक, म्हणते. मी दोनदा नाही म्हटलं. मी गेली तर हे बंद होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला गरम चीला आणि टमाटरची चटणी खाऊन निघालो. (तांदळाच्या पिठाचं हे धिरडं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, चुकवू नका.) हॉलमध्ये सगळे रांगेत उभे राहिल्यावर लॉर्ना कोच म्हणाल्या, "आज क्लास प्रतिमा नहीं लेगी. मैं भी नहीं."

प्रतिमा खुर्चीत बसली. रांगेतले एकमेकांकडे बघू लागले. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. मग देवकीभाभींनी ओढणी खुंटीला लावली आणि त्या पुढे आल्या.

"चलो, पहले गोल चक्कर. हँसना नहीं किसी को."

त्यांनी एक पकड उलटी दाखवली. बँकेतल्या मुलीने ती सुधारली. फिटरांपैकी एकाने नव्या पोराचा हात धरून त्याला सुटायचं कसं ते पुन्हा पुन्हा दाखवलं. क्लास अडखळत, पण चालू राहिला. प्रतिमा उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"माह्याशिवाय चालून राहिलं ताई."

"वाईट वाटलं?"

"हलकं वाटून राहिलं. अन् रडूबी येऊन राहिलं. आता कोणतं कारण सांगू?"

शेवटच्या सकाळी काका स्वतःहून हॉलवर आले. आदल्या रात्री जेवताना प्रतिमाने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि थेट मॅटवर जाऊन उताणे पडले.

"धरून दाखव मले."

प्रतिमा गोंधळली. मग तिने बाजूने छाती टेकवून, एक हात मानेखाली घालून त्यांना हळूच दाबून धरलं. काकांनी एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा कंबर उचलली.

"अरे, वजन तर काहीच नाही वाटून राहिलं! पण उठताबी येत नाही बाप्पा." ते हसले आणि मग धडपड सोडून डोळे मिटून तसेच पडून राहिले. "अख्खी नोकरी भट्टीपाशी उभं राहून केली. असा निवांत कधी पडलोच नाही मी."

"बाबा, सोडू?"

"थांब जराशी." थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "गोव्यात गर्मी लय राहते का?"

"हाव."

"मंग सुती कपडे घेऊन जाय."

प्रतिमाने त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं.

परतीच्या गाडीत मी दरवाजाजवळ उभी राहिले. अंग ठणकत होतं आणि झाडं वाहत जावीत तशी मागे जात होती. मी तिथे नवे डाव शिकायला गेले होते. शिकलेही थोडे, त्यातले निम्मे आता विसरलेय. मनात मात्र घोळत राहिलं वेगळंच. मी आजारी पडले की माझा क्लास बंद असतो, आणि त्याचा मला आजवर थोडा अभिमानच वाटायचा. आता गुरुवार मी धाकट्या मैत्रिणीकडे सोपवलाय. ती शिकवते, मी रांगेत उभी राहते. तिची चूक दिसली की जीभ आवरते.

मे महिन्यात गोव्याहून प्रतिमाचा फोन आला. पाठीमागे समुद्र असावा, किंवा पंखा.

"ताई, इथं मी सगळ्यांत कच्ची आहो. रोज हरून राहिली. मले कोणी कोच म्हणत नाही." ती हसत होती. "लय मजा येऊन राहिली."