कोर्टाच्या व्हरांड्यात मोदकांचा विषय

मंगळवारी आत्याला घेऊन कोर्टात गेले होते... गिरगावाजवळचं ते जुनं दगडी कोर्ट, जिथे भाडेकरू आणि घरमालकांच्या केसेस चालतात.

आत्या गिरगावातल्या चाळीत एकटीच राहते. मालकांच्या मुलाने केस टाकलेली, की ही बाई इथे राहतच नाही, खोलीला कायम कुलूप असतं. खोली गेली तर या वयात जायचं कुठे, या काळजीने तिला घास उतरत नव्हता.

मी मात्र इमारतीच्या प्रेमातच पडले! जाडजूड भिंती, टोकदार कमानी... इंग्रजांच्या काळात विजेचे पंखे सर्रास नव्हते, म्हणून व्हरांडे उंच आणि ऐसपैस. बाहेर उकाड्याने जीव चाललेला, आत मस्त गार. फक्त आवाज असा घुमतो, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला कळतं.

पुकाऱ्याची वाट बघत बसलो. समोर मालक शेठजी, त्यांचा मुलगा आणि वकील. शेठजी ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलतात ते ओरडूनच.

आत्याला बघून म्हणाले, "काय ताई, यंदा मोदक लवकर संपले हां! पुढच्या वर्षी जास्त पाठवा."

दर गणपतीत आत्या स्वतः वळलेले उकडीचे मोदक मालकांकडे पाठवते. यंदाही पाठवले. मी म्हटलं, अगं केस टाकलीये त्यांनी! तर म्हणे, प्रसादात कसलं भांडण?

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. वकिलांनी कपाळावर हात मारला. मुलाने शेठजींच्या कानाशी लागून केस समजावली... तेव्हा कळलं, केस शेठजींच्या नावाने होती, पण बिचाऱ्यांची नुसती सही घेतली होती, कशावर ते सांगितलंच नव्हतं.

शेठजी असले भडकले! "ताई राहत नाहीत? मग मोदक काय भूत वळतं?" कमानीकमानीतून ऐकू गेलं. लोक खो खो हसत होते, आत्या पदराने डोळे पुसत होती.

पुकारा झाला तेव्हा त्यांच्याच वकिलांनी केस मागे घेतो म्हणून सांगितलं.

निघताना शेठजींना जिना उतरता येईना. आत्याने त्यांचा हात धरला. दोघं एकेक पायरी उतरत होते, मागे मी आणि त्यांचा मुलगा.

या जिन्यावरून किती जण आपलं घर हरून उतरले असतील, देव जाणे... माझी आत्या मात्र आपल्या घरी गेली.