तह आणि मानाचा बैल

माझे वडील कोपरगावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पहिलं महायुद्ध हा त्यांचा लाडका धडा. लढाया ते भराभर उरकायचे, तहापाशी मात्र रेंगाळायचे. जर्मनीचा मुलूख काढून घेतला, सैन्य छाटलं, दंड लावला, आणि वर ‘दोष आमचाच’ हेही कबूल करून घेतलं. किती तरी लोकांचं घर जागच्या जागी राहिलं आणि देश बदलला. ‘जिंकलं कोण?’ असं कुणी विचारलं की म्हणायचे, “ज्याला नंतर शांत झोप लागली, तो.” आम्हाला हे उत्तर मुळीच आवडायचं नाही, कारण परीक्षेत ते लिहून काही उपयोग नव्हता.

आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडं. तिथं आमचंही एक महायुद्ध चालू होतं. शेजारच्या मळ्यातले काका आणि आम्ही, मध्ये कालव्याची चारी. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून डोकी फुटली, कोर्टकचेरी झाली, बायकांचं हळदीकुंकू बंद झालं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझी जिवाभावाची मैत्रीण. आम्ही दोघी शाळेत एका डब्यात जेवायचो आणि गावात शिरलो की अनोळखी व्हायचो.

शेवटी काका थकले. मारुतीच्या देवळात चार माणसं बसली. पाण्याची पहिली पाळी आमची ठरली, काकांनी मान हलवली. तेवढ्यावर मिटायला हवं होतं. पण माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते म्हणाले, “आन पोळ्याचा मान बी आमचा.”

पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल जायचा तो काकांच्या घरचा. त्यांच्या आज्यापणज्यापासून. माझे वडील तिथंच होते, पण थोरल्या भावापुढं तोंड उघडायची आमच्या घरात रीत नव्हती. त्या रात्री ते न जेवताच झोपले.

त्या वर्षी आमचा बैल पुढं गेला. ताशा वाजला, आबांनी मिशीला पीळ दिला. काकांनी आपली जोडी दावणीलाच ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मैत्रीण वर्गात दुसऱ्या बाकावर बसायला लागली. मला इतकं रडू आलं की आईला वाटलं, पुरणपोळी बाधली.

मग वडिलांचा लाडका धडा आला. ते नेहमीच्या तालात सांगत होते, “हरलेल्या माणसाचं घ्यायचं ते घ्या, पण त्याची मान खाली राहील असं काही करू नका. नाहीतर पुढचं भांडण त्याच्या पोरांच्या हातात देऊन जाल.” मैत्रीण उभी राहिली.

“सर, मग आमच्या बैलाचं काय?”

वर्ग हसला. वडील हसले नाहीत. खडू खाली ठेवला आणि तास संपेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. मला त्यांची दया आली आणि तिचा रागही आला. ती खरं बोलली होती म्हणूनच जास्त आला.

पुढच्या पोळ्याला आमच्या बैलाचा कासरा वडिलांनी स्वतः घेतला. वेशीपर्यंत आले आणि थांबले. मागं अख्ख्या गावाच्या जोड्या खोळंबल्या.

“मास्तर, व्हा की पुढं,” कुणी तरी ओरडलं.

“मानाचा बैल यायचाय,” वडील म्हणाले.

आबा तरातरा आले. “याड लागलं का तुला? ठरलंय ते.”

“आबा, पाणी आपल्याला लागत होतं, ते घेतलं. हे काय करायचंय आपल्याला?”

थोरल्या भावाला त्यांनी दिलेलं हे पहिलं उत्तर. आबांचा चेहरा लाल झाला, पण भर वेशीत ते काय बोलणार! ऊन उतरायला लागलं तरी वडील हलेनात. निरोप कुणी दिला कोण जाणे, काका आले. बैलाच्या अंगावर झूल नाही, शिंगांना घाईनं फासलेला रंग अजून ओला. वडिलांनी आमच्या बैलाची झूल उतरवून त्याच्यावर घातली. काका झुलीवरून हात फिरवत राहिले आणि मग तोरणाखालून निघाले. मैत्रीण माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

पाण्याची पाळी आजही आमचीच पहिली आहे. चारीवर पुन्हा कधी काठी निघाली नाही.

आता दोन्ही घरांत बैल नाहीत, वडीलही नाहीत. त्यांची आठवण पोळ्याला फार येते, म्हणून मी त्या दिवशी माहेरी जातेच. यंदा ट्रॅक्टरांना फुगे बांधून मिरवणूक निघाली. भावाच्या मुलानं वेशीत आमचा ट्रॅक्टर उभा केला आणि इंजिन बंद केलं.

“का रे थांबलास?” मी विचारलं.

“त्यांचा यायचाय ना अजून.”

“पण त्यांचाच आधी का?”

त्यानं खांदे उडवले. “काय म्हायती, आत्या. आपल्यात असंच हाय पहिल्यापासून.”