वालाला मोड येईपर्यंत

पेणला थंडी पडते ती जेमतेम तीन आठवडे, पण आमच्या घरात तिचा थाट असा की बाहेर बर्फ पडतोय असं वाटावं. संध्याकाळ झाली की खिडक्या बंद. टीव्हीसमोर जाड गोधडी, गोधडीत आई आणि मी, पुढ्यात भाजलेले पोह्याचे पापड आणि गवती चहा घालून उकळलेला चहा. सातपासून दहापर्यंत मालिका. पाहणाऱ्याला हेवा वाटावा असं सगळं. मला मात्र त्या गोधडीत श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आईला एकटं वाटू नये म्हणून काम सुटलं की थेट घर गाठायचं, हा नियम माझा मीच करून घेतला होता. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी जनरल शिफ्टला होते. सकाळी पेणहून रोह्याची गाडी, पुढे रिक्षा, संध्याकाळी तेच उलट. कुणी हळदीला बोलावलं तरी मी नाही म्हणायचे, नाटकाला बोलावलं तरी नाही. मग मैत्रिणींनी बोलावणंच सोडलं आणि त्याचाही राग मी मनातल्या मनात आईवरच काढला.

त्या डिसेंबरात साहेबांनी विचारलं, "परमनंट जागा आहे. तिन्ही शिफ्ट कराव्या लागतील. जमेल?" तिन्ही शिफ्ट म्हणजे रोह्यातच राहायला हवं. मी एक खोलीही बघून आले. नदीच्या बाजूला, एका निवृत्त शिक्षिकेच्या घराची माडी. एक खिडकी, एक ओटा, बाकी काही नाही. त्या रिकाम्या खोलीत मी दहा मिनिटं उगाचच उभी राहिले. घरमालकीण म्हणाल्या, "रविवारी सातपर्यंत कळव. आणखी एक मुलगी विचारून गेलीय." खोली गेली तर शिफ्ट जमणार नाही, आणि शिफ्ट जमली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला. मी बत्तीस वर्षांची बाई. आईला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी तासाभराच्या अंतरावर राहायला जातेय. तेवढं सांगायला मी आठवडा लावला.

गुरुवारी घरी आले ती बोलायचंच असं ठरवून. आई पातेल्यात कडवे वाल ओतत होती.

"रविवारी बिरडं करू," ती म्हणाली.

बिरडं हा एका दिवसाचा उद्योग नाही. वाल रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड यायची वाट बघायची, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल सोलायचा. थंडीत तर मोड यायला एखादा दिवस जास्तच लागतो. आणि वाल बांधून ठेवलेले असताना घरातलं माणूस उठून जातं कुठे? आईने असं कधी म्हटलं नव्हतं. पण मागे मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जायचं माझ्या मनात होतं, तेव्हाही वाल भिजले होते. ट्रेनिंगला आठवडाभर बडोद्याला पाठवणार होते, तेव्हाही. ती भांडली असती तर मीही भांडले असते. बिरड्याशी कसं भांडायचं?

शुक्रवारी तिने गाठोडं वडिलांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं. शनिवारी मी तोंड उघडलं तेवढ्यात तिने ताटात तांदळाची भाकरी वाढली. "खा गो, गरम हाय तवर." मी खाल्लं. वर भाकरी छान झाल्याचंही सांगितलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

रविवारी मोड आले. संध्याकाळी सहाला महाएपिसोड लागला आणि आम्ही सोलायला बसलो. मधे परात, दोन वाट्या, हात ओले, बोटांची टोकं सुरकुतलेली. फोन टीव्हीखालच्या फळीवर. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. माझी वाटी भरत आली तशी आईने आणखी मूठभर वाल माझ्या पुढ्यात सारले.

"मी रोह्याला राहायला जातेय," मी एकदम ओरडलेच. "सातच्या आत सांगायचंय, आणि तू मला इथे वाल सोलायला बसवून ठेवलंयस!"

आईने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. दोन वर्षांत तिने मालिका कधी मधे थांबवली नव्हती.

"मग जा ना," ती म्हणाली. "मी कुठं धरून ठेवलंय?"

"दर वेळी मी कुठे जायचं म्हटलं की तू वाल भिजत घालतेस."

"तू म्हणतेस कुठं? तोंड पाडून फिरतेस आठ-आठ दिवस. मला कळत नाय काय करू. तुला बिरडं आवडतं म्हणून घालते. मला वाल पचतात काय? सगळी रात पोट धरून बसते मी."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

"आणि या मालिका?"

"तू दमून येतेस, बरं वाटेल म्हणून लावते." ती परातीकडे बघत बोलत होती. "तुझी मावशी दोन वर्सं बोलावतेय, चार महिने येऊन राहा म्हणून. मी सांगते, पोरगी सगळं सोडून माझ्यासाठी घरी येते, तिला टाकून कशी येऊ? तू सुटली असतीस तर मी पण सुटले असते, बाय."

घड्याळात पावणेसात झाले होते. शेवटी तिनेच उठून फोन माझ्या ओल्या हातात दिला. घरमालकीण म्हणाल्या, "उद्या सामान घेऊन ये."

मी फोन ठेवते न ठेवते तोच आईने पदराला हात पुसून तो मागून घेतला आणि मावशीचा नंबर लावायला सांगितलं. बोलत बोलत ती पडवीत गेली, थंडीत, डोक्यावरून काही न घेता. "येते गो मी बुधवारी. व्हय, राहायला. नाय गो, पोरीची अडचण नाय आता." आणि ती हसली. वडील गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला खोली मिळाली होती, आणि मला रडू आवरत नव्हतं.