विमलताईचा पहिला बोर्ड

विमलताई परदेशात एकही गेम जिंकली नाही.

हो. एकही नाही.

सकाळपासून चेसच्या ग्रुपवर हेच चाललंय. "ताई गेल्या, वाईट वाटलं. प्लेअर चांगल्या होत्या, पण इंटरनॅशनल रेकॉर्ड काही खास नव्हता." खाली हात जोडलेले इमोजी.

ते हात जरा बाजूला ठेवा आणि वाचा. मी त्या टीममध्ये होते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. देशोदेशीच्या टीमची स्पर्धा, बायकांच्या टीमला तीन बोर्ड आणि एक राखीव. आपल्या तिघी समोरच्या देशाच्या तिघींशी एकाच वेळी खेळणार, आणि तिघींचे पॉइंट एकत्र मोजणार. पहिल्या बोर्डावर प्रत्येक देश आपली सगळ्यात भारी बाई बसवतो.

ताई नागपूरच्या इंदोऱ्याची, आंबेडकरी वस्तीतली. वडील गिरणीत. नागपुरात तिला हरवणारा पुरुषसुद्धा सहज सापडत नसे.

मी नागपूरच्याच महाल भागातली, सतरा वर्षांची. टीममध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात कच्ची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कॅप्टननी हॉटेलच्या खोलीत आम्हाला बसवलं. साहेबांनी डोकं लढवलं होतं.

"विमल, तू तिसऱ्या बोर्डावर बस. तिथे सगळ्यांना चोपशील. त्या बोर्डाचं मेडल तुझंच! पहिल्यावर हिला बसवू. ही तशीही हरणार, मग वर हरली काय नि खाली हरली काय."

नियमात बसत होतं. भल्याभल्या टीम असं करायच्या. आणि क्रम एकदा लिहून दिला की स्पर्धा संपेपर्यंत बदलता येत नसे.

मला पहिल्यावर बसायचं नव्हतं. पण सतरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं?

ताई म्हणाली, "साहेब, पहिल्यावर मी बसन."

"अगं, वर्ल्ड क्लास बायका आहेत तिथे. एकही पॉइंट मिळायचा नाही. नाव खराब होईल तुझं."

"होऊ द्या. या पोरीनं रोज मार खाल्ला, तर पोरगी नागपूरले जाऊन पट चुलीत घालन. मले मार खायची सवय आहे."

साहेबांनी खूप समजावलं. मग आवाज चढवला. ताईने त्यांच्या हातातला क्रमाचा कागद घेतला, पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवला.

मग ती रोज हरली.

पाच-पाच तास बसून हरली. कधी ड्रॉ काढला, पण जिंकली नाही. आणि मी खाली तिसऱ्या बोर्डावर चक्क जिंकत होते! आम्ही मॅच दोन-एक अशा घ्यायचो. तो गेलेला एक जवळजवळ नेहमी ताईचा असायचा.

एकदा मी जिंकून आले आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर रडायलाच लागले.

"काहून रडून राहिली वं?"

"माझ्यामुळे हरतेस ना तू."

"तुह्यामुळं? मी त्या बाईमुळं हरून राहिली. लय भारी खेळते. भात खा."

परत आल्यावर नागपुरात, सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये सत्कार झाला. मला हार, माझ्यासाठी टाळ्या. मग पाहुणे म्हणाले, "विमलताईंना यश आलं नाही, पण अनुभव मिळाला." मागून कोणीतरी ओरडलं, "एक तर जिंकाची होती!" हॉल हसला.

ताई उठली. भिंतीवर मोठा डेमो बोर्ड टांगलेला होता. तिने त्यावर सोंगट्या लावल्या, आपल्या एका हरलेल्या गेमच्या मध्यावर होत्या तशा.

"हे माही पोझिशन. माही चाल आहे. सांगा, काय खेळू?"

लोकांना वाटलं गंमत आहे. एकाने घोडा सांगितला. तिने घोडा हलवला, मग त्या परदेशी बाईच्या बाजूने उत्तर दिलं. घोडा गेला. दुसऱ्याने वजीर सांगितला. वजीरही गेला. मागून ओरडणारा पुढे आला, मोठ्या ऐटीत प्यादं ढकललं. दोन चालीत मात!

चहा आला, कोणी घेतला नाही. पाहुण्यांची गाडी खाली हॉर्न मारत होती, पाहुणे चाली सुचवत होते. अख्खा हॉल त्या परदेशी बाईकडून हरत होता.

शेवटी सगळ्यांच्या चाली संपल्या, तेव्हा ताई म्हणाली, "मी हितून अजून दोन तास टिकली होती. आता हसा."

मला त्या दिवशीएवढा अभिमान स्वतःच्या लग्नातही वाटला नाही.

पण टीम निवडणाऱ्या कमिटीला काय त्याचं? पुढच्या वेळी टीममधून ताईचं नाव कापलं. कारण काय, तर परफॉर्मन्स. माझं नाव ठेवलं, कारण काय, तर परफॉर्मन्स!

ती कमिटीसमोर जाऊन भांडली. भांडल्याबद्दल माफी मागितली नाही, गयावया केली नाही. ती पुन्हा कधीच टीममध्ये आली नाही, आणि मी विमानतळावर निघाले तेव्हा मला मात्र म्हणाली, "भेऊ नको. लढून ये."

म्हणून ग्रुपवरच्या विद्वानांनो, ऐका. टीमच्या खेळात एकटीचा आकडा वाचून माणूस कळत नाही. माझा रेकॉर्ड चांगला दिसतो ना तुम्हाला? ज्या बायकांनी माझा चुराडा केला असता, त्यांच्यासमोर ताई बसली होती. माझ्या प्रत्येक पॉइंटमध्ये तिचा वाटा आहे. आणि हे मी आता कोणाच्याही तोंडावर सांगेन.

आज दुपारी स्मशानघाटावर मी सगळ्यात पुढे उभी होते. तिच्या भाच्याने मला ओळखलं नाही. हळूच विचारलं, "काकू, तुम्ही मावशीच्या कोण?"

म्हटलं, "मी तिचा तिसरा बोर्ड."

जय भीम, ताई.