कमी कोरचा प्रोसेसर

गेमच्या ऐन भरात माझा कॉम्प्युटर अडकायचा. समोरची खेळाडू भिंतीआडून बाहेर पडायची, चित्र क्षणभर गोठायचं आणि ते हलेपर्यंत मी मेलेली असायचे. आमच्या मुलींच्या ऑनलाइन टीमची कॅप्टन नागपूरची. तिने शेवटी सांगितलंच, "स्पर्धेआधी मशीन नीट कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागेल."

प्रोसेसर बदलायचं ठरलं. राजुरीतल्या आमच्या घरी ओट्यावर बसून मी आणि दादा मोबाइलवर तुलना करत होतो. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. एकाला काम उरकणारे सोळा कोर, दुसऱ्याला आठच. पण आठवाल्याला कॅशे, म्हणजे चिपवरचीच मेमरी, भरपूर होती आणि तो जुन्याच मदरबोर्डवर बसत होता.

"सोळावाला घे की. तेवढ्यातच दुप्पट," दादा म्हणाला.

"गेमला दुप्पट लागत नाय. मुख्य काम एक-दोन कोरच ओढतात. त्यांना लागेल ते हाताशी मिळालं की झालं. बाकीचे नुसते बसून राहतात."

दादा टोमॅटो करतो, झाडं सुतळीने तारेला बांधायला बायका येतात. जरा विचार करून म्हणाला, "म्हंजे बांधणीला एकच बाई चपळ, आन बाकीच्या सुतळी धरून उभ्या."

"तसंच."

"आन व्हिडिओ एडिटिंगला?"

"सोळावाला बरा."

"मग त्योच घे. आईला आपण कामासाठीच म्हणून सांगितलंय."

मी आठवाला घेतला. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे माझे होते. बसवायच्या वेळी दादा शेतावर निघून गेला. मी एकटीनेच प्रोसेसर बसवला आणि त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली.

पुढच्याच आठवड्यात लोणीहून पाहुणे मला बघायला आले. माणसं चांगली होती. मुलाच्या वडिलांचं लक्ष कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेलं.

"लई भारी दिसतोय. काय काम करता यावर?"

"एडिटिंग..." दादाने सुरुवात केली.

"गेम खेळते," मी म्हणाले. "टीममध्ये आहे. स्पर्धा असतात."

ते हसले, वाईट हसले नाहीत. मुलगा तर कोणता गेम म्हणून विचारायलाही लागला होता, पण त्याच्या आईने चहाचा कप खाली ठेवला आणि तो गप्प झाला. दोन दिवसांनी त्यांचा नकार आला. दादा म्हणाला, "एक शब्द गिळला असता तर काय झालं असतं?" आई ताट वाढायची आणि आत निघून जायची.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. मशीन एकदाही अडकलं नाही. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. समोरची भिंतीआडून आली, मला स्वच्छ दिसली, आणि तरीही तिने आधी गोळी झाडली. मग पुन्हा तसंच. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. इतके महिने मी प्रोसेसरला शिव्या देत होते. आता शिव्या द्यायला समोर कुणीच नव्हतं. हेडफोनमध्ये कॅप्टन म्हणाली, "उद्या बोलू." तिच्या आवाजावरून काय बोलणार ते कळलं.

मी हेडफोन काढला. आई दारात उभी होती.

"हारली का?"

"हो."

तिने पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "जेवून घे," आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.