एका घराला दोन पत्ते

शहाडचे रवींद्र शेजवळ वीस वर्षं टीव्हीची केबल ओढायचे. त्यात ते इंटरनेटवाले कधी झाले, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. आज कल्याणातल्या बाराशे घरांना ते इंटरनेट पुरवतात. तांत्रिक बाजू पुतणी स्वप्ना बघते.

दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "काका, इंटरनेटवर प्रत्येक घराला क्रमांकाचा पत्ता लागतो ना, ते जुने पत्ते संपले. आपण चाळीस-चाळीस घरं एकेका पत्त्यावर बसवलीयत. आता नवे, लांबलचक पत्ते लावायचे."

"मग जुने बंद?"

"नाही, दोन्ही चालू. ज्या यंत्राला नवा कळतो ते नव्याने जाईल, बाकीची जुन्याने. कुणाला पत्ताही लागणार नाही."

"एका घराला दोन पत्ते? पोस्टमन वेडा होईल गं!"

कुणाला कळणारच नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका इमारतीत नवे पत्ते सुरू केले. दुसऱ्याच सकाळी शुभदाताईंचा फोन आला. ताई निवृत्त शिक्षिका, घरूनच संस्कृत शिकवतात. विद्यार्थ्यांना पाठ पाठवताच येईना.

रवींद्र स्वतः गेले. कॉम्प्युटरवर साधी पानं उघडत होती, मोठी फाइल मात्र अर्ध्यावर थांबायची. त्याच वायफायवर ताईंचा जुनापुराणा फोन मात्र मस्त चाललेला. रवींद्रांनी वायर बदलली, वायफायचा डबा बदलला. फरक शून्य.

"ताई, जुनं चालतं नि नवं अडतं, असं मी कधी बघितलेलं नाही."

"तुम्ही काही बदललंत का?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. "हो," ते म्हणाले. "काल. तुम्हाला न विचारता. चुकलंच माझं."

ताई रागावल्या नाहीत. "मग तेच बघा ना आधी," एवढंच म्हणाल्या.

रवींद्रांनी स्वप्नाला फोन लावला. तासाभराने तिचा फोन आला. "काका, सापडलं! फाइल तुकड्या-तुकड्यांच्या पाकिटांतून जाते ना, नव्या वाटेवर मोठं पाकीट मावत नाही. 'लहान करून पाठवा' असा निरोप परत येतो, तो आपलंच यंत्र अडवत होतं. फोनला नवा पत्ता कळतच नाही, म्हणून तो सुटला."

"म्हणजे ज्याला कळत नाही त्याचं बरं चाललंय?"

"आजच्यापुरतं, हो."

तिने तो निरोप मोकळा केला. ताईंची फाइल गेली. रवींद्र पडद्याकडे बघतच राहिले.

त्यानंतर ते आठवड्याला एकच इमारत घेऊ लागले. आधी जिन्यात कागद लावायचा: 'आम्ही बदल करतोय. अडलं तर मला फोन करा.' खाली स्वतःचा नंबर. पाणी का आलं नाही, हे विचारणारेही फोन आले.

गेल्या महिन्यात शेवटची इमारत झाली. रवींद्रांनी विचारलं, "आता जुने पत्ते काढायचे ना?"

"कसे काढणार? लिफ्टच्या कॅमेऱ्यांना फक्त जुनाच पत्ता कळतो. कितीतरी वेबसाइटही अजून जुन्यावरच आहेत."

"मग आपण नक्की बदललं काय?"

स्वप्ना समजावू लागली. रवींद्र मान डोलावत होते. कळत मात्र काहीच नव्हतं.