डावा कान

आमच्या दुकानात येणारं प्रत्येक म्हातारं माणूस आधी खोटं बोलतं. "मला नीट ऐकू येतं, बायकोच पुटपुटते." "हल्ली टीव्हीवर सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात." मी जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये कानाची यंत्रं बसवते, त्याला बारा वर्षं झाली. त्याआधी पुण्यात एका दैनिकात बातमीदार होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. मराठी बातमीदाराला इथे कोण विचारणार, म्हणून तीन वर्षं शिकून हे काम धरलं. दोन्ही कामांत तसा फार फरक नाही. समोरच्याला बोलू द्यायचं आणि तो काय टाळतोय ते बघायचं.

ज्या बाईंबद्दल हे लिहितेय त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. हा मजकूर मी त्यांच्या मुलाला जर्मनमध्ये वाक्य न् वाक्य वाचून दाखवला आहे आणि त्याचा होकार घेतला आहे. त्यांच्यावर मी पूर्वीही एकदा लिहिलं होतं. तेव्हा असं काही केलं नव्हतं.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. मूळच्या कोरियाच्या. साठच्या दशकात नर्स म्हणून जर्मनीत आलेल्या, इथेच लग्न केलेल्या, निवृत्त होईपर्यंत एकाच रुग्णालयात काम केलेल्या. शिडशिडीत, ताठ, पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या. कागदपत्रांत डाव्या कानापुढे लिहिलं होतं : पडदा फाटलेला, जुना व्रण, कारण लहानपणीचा ताप.

ऐकण्याची चाचणी सोपी असते. माणसाला केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाची चाचणी व्यवस्थित पार पडली. डाव्या कानाला मी आवाज द्यायच्या आधीच त्या बटण दाबू लागल्या. असे लोक असतात. कुणाचा कान वाजत असतो, कुणाला नापास व्हायची भीती असते. मी समजावून सांगितलं आणि चाचणी पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम एकही आवाज दिला नाही. त्या ठरावीक अंतराने बटण दाबत राहिल्या.

मी आत गेले. "काय ऐकू येतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"मग बटण का दाबता?"

"राहून जायला नको म्हणून."

मी तक्त्यावर 'डावा कान : प्रतिसाद भरवशाचा नाही' असं लिहिलं आणि उजव्या कानाचं यंत्र मागवलं.

यंत्र बसवल्यावर वर्षभर माणूस येतच राहतं. आवाज जुळवायचा असतो, साफसफाई असते. या बाई नेहमी दुपारची सुट्टी व्हायच्या आधीची वेळ घ्यायच्या. मी डबा उघडला की वाकून बघायच्या. एकदा त्यांना लोणचं चाखायला दिलं. "मीठ बरं आहे, पण हे मुरलेलंच नाही," म्हणाल्या. माझ्या सासूबाईंनंतर माझ्या लोणच्याला नावं ठेवणाऱ्या त्या दुसऱ्या. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःची आंबवलेली कोबी आणली. ती खरंच चांगली होती.

त्या दुपारी मी पूर्वी काय करायचे ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"अजून लिहिता?"

"वर्षातून एकदा. आमच्याकडे दिवाळी हा सण असतो, त्याला जाडजूड मासिकं निघतात. त्यांतल्या एकात."

"कुठल्या भाषेत?"

"मराठी."

"इथे ती कोण वाचतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. आमच्या मराठी मंडळात अंक हातोहात फिरतात. पण ते माझ्या लेखी 'इथे' नव्हतंच.

त्यांनी कोबीच्या डब्याचं झाकण लावलं. "आल्झो," म्हणाल्या, "तर मग सांगते. ताप नव्हता तो."

त्यांचा जन्म हिरोशिमात झाला होता. वडील मजुरीसाठी कोरियातून तिकडे गेलेले. शहराच्या कडेला कोरियन मजुरांची वस्ती होती, तिथे घर. त्या सात वर्षांच्या, भाऊ चार वर्षांचा. त्या सकाळी आईवडील कामावर गेले होते आणि आईने जाताना भावाकडे बघायला सांगितलं होतं. प्रकाश त्यांनी पाहिला. मग घर अंगावर आलं. त्या फटीतून बाहेर निघाल्या, पण दोन्ही कानांतून रक्त येत होतं आणि कसलाच आवाज येत नव्हता. लोकांची तोंडं उघडी होती, पण आवाज नव्हता. भाऊ दिसेना. तो घाबरून रस्त्यावर पळाला असेल असं वाटून त्या त्याला शोधत निघाल्या.

तो घराखालीच होता. शेजारीण तिच्या पडलेल्या घराखाली अडकली होती. तिला पुढे लोकांनी काढलं. काही दिवसांनी उजवा कान थोडा उघडला. तेव्हा ती शेजारीण त्यांच्या आईला सांगत होती, की पोरगा बहिणीला हाका मारत होता, आग येईपर्यंत मारत होता. कान उघडल्यावर त्यांना नीट ऐकू आलेलं पहिलं बोलणं ते.

हे सगळं त्यांनी पंधरा-वीस मिनिटांत सांगितलं. मी वही काढली नाही. दुकान उघडल्यावर मागच्या खोलीत जाऊन सगळं उतरवून काढलं. सवय जात नाही.

पुढच्या भेटींत बाकीचं कळलं. कोरियात परतल्यावर गावाला कळलं हे कुटुंब कुठून आलंय. चुलतबहीण त्यांच्याबरोबरच परतली होती. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. अंगात विष आहे, मुलं कशी होतील सांगता येत नाही, असं गाव बोलायचं. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या आत्याच्या हातावर कोडाचा डाग होता. तिच्या धाकट्या बहिणींना बघायला पाहुणे आले की तिला दुसऱ्या घरी पाठवायचे.

नर्सच्या भरतीत त्यांनी कानाचं कारण ताप सांगितलं. जर्मन नवऱ्याला तेच सांगितलं. तो ट्राम चालवायचा. काही न कळता वारला. मुलगाही तेच धरून चालला होता. आता तो पन्नाशीत आला होता, त्याच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं.

"तुम्ही तिकडे लिहा," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांना कळू दे. माझ्या मुलाला कळता कामा नये. त्याच्या रक्ताकडे कोणी तसं बघायला नको. बाकी मला काही नको."

मी शब्द दिला.

लेख चांगला झाला होता. संपादकांचा फोन आला. "मजकूर उत्तम आहे हो, पण जरा कोरडा वाटतोय. वाचकाच्या अंगावर काटा यायला हवा. आणि डार्मश्टाटचं नाव काढू नका, गावामुळे खरेपणा येतो." मी गाव ठेवलं. कोरियन नर्स ठेवली, ट्राम चालवणारा नवरा ठेवला, डावा कान ठेवला. नाव तेवढं नव्हतं. नाव नसलं की माणूस लपतो असं बातमीदारांना उगाच वाटतं. आणि काट्यासाठी एक वाक्य घातलं : 'आजही त्या कानात भावाची हाक ऐकू येते.'

"इथे वाचणार कोण तुझा लेख?" नवरा म्हणाला. "मंडळाचे आपण वीस-पंचवीस जण, त्यांतले निम्मे फक्त पाककृती वाचतात."

अंक आल्यावर दोन आठवड्यांनी मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला. सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, उत्साही आहेत, कोणाचंही कौतुक चारचौघांत करतात.

"ताई, काय लेख झालाय! मी ऑफिसात जेवताना सगळा जर्मनमध्ये सांगितला."

"कोणाला?"

"आहे एक कलीग. त्याची आईपण कोरियन आहे, नर्स होती. म्हटलं, तुझी आई ओळखत असेल या बाईंना."

"मग?"

"मग काय, काही नाही. डावा कान का, एवढं विचारलं. मी म्हटलं, हो, डावाच. तर ट्रे उचलून गेला. जेवला पण नाही धड. काय झालं हो?"

मी काही झालं नाही म्हटलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मुलगा दोन दिवसांनी दुकानात आला, वेळ न घेता. उंच, केस पिकलेले, डोळे आईचे. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहिला.

"तो लेख तुमच्याकडे असेल. मला वाचून दाखवा."

ग्राहकाची माहिती दुसऱ्याला सांगायची नसते, असा आमचा कडक नियम आहे. तो मी छापूनच मोडला होता. मी अंक काढला आणि जर्मन करत वाचू लागले. आपलंच लिखाण दुसऱ्या भाषेत मोठ्याने वाचलं की कुठे कुठे मेकअप केलाय ते सगळं दिसतं. हाकेच्या वाक्याला त्याने हात वर केला.

"हे आई म्हणाली?"

"नाही."

"मग कुठून आलं?"

"मी लिहिलं."

"ती काय म्हणाली?"

मी बटणाचं सांगितलं. आवाज नसताना त्या कशा दाबत राहिल्या ते, आणि राहून जायला नको, हे त्यांचं उत्तर.

 मग म्हणाला, "मी लहान असताना ती सारखी दारात यायची. 'हाक मारलीस का?' मी मारलेली नसायची. मी आणि बाबा तिची नक्कल करायचो. जेवताना. तीही हसायची."

 मी अंक मिटला.

"माझी मुलगी पाचव्या महिन्यात आहे," तो म्हणाला. "तिला सांगायला हवं."

"डॉक्टर वेगळं काही करणार नाहीत," मी म्हटलं. "उगाच कशाला तिच्या डोक्याला…"

"वा. तुम्ही छापणार, आणि मी गप्प बसायचं?"

तो बरोबर होता. तो गेला आणि त्याने मुलीला सांगितलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की यामुळे जास्तीची कुठलीही तपासणी करायची गरज नाही, निश्चिंत राहा. राहा म्हटलं म्हणून कोणी राहतं का?

बाईंची पुढची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आधीच दिलेली होती. मला वाटलं होतं येणार नाहीत. ठरल्या वेळेला आल्या, यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बसल्या.

"कोणी वाचत नाही म्हणाला होतात तुम्ही."

"चुकलं माझं."

"गेनाऊ. अगदी बरोबर."

मी यंत्राची नळी बदलली.  परत कानात बसवून दिल्यावर त्या बोलल्या. मुलगा आता दर रविवारी येतो. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, गाडीबद्दल तक्रार करायचा, हीटिंग बंद का ठेवतेस म्हणून भांडायचा. आता उजव्या बाजूला बसतो, हळू बोलतो. "भांडत नाही," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतो. साठ वर्षं मी तशी दिसू नये म्हणून काळजी घेतली."

"तुम्ही दुसऱ्या दुकानात गेलात तरी मी समजू शकते."

"ते तीन स्टॉप पुढे आहे. मला या वयात परवडत नाही." मग दारातून वळून म्हणाल्या, "आणि ते हाकेचं. मुलाने मला सांगितलं तुम्ही काय लिहिलंत ते. हाक मला कधीच ऐकू आली नाही. ऐकू आली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर कित्येक दिवस मी दुकानात चाचण्या घेताना मधल्या शांततेचा वेळ मोजत होते. आवाज द्यायच्या आधी दोन-तीन सेकंद थांबावं लागतं. समोरचं माणूस काचेमागे डोळे मिटून वाट बघत असतं. आधी त्या सेकंदांचं मला काही वाटायचं नाही. आता मी ते लवकर संपवते. सहकाऱ्याने एकदा हटकलंदेखील.

वसंतात एका सकाळी त्या वेळ न घेता आल्या. फोन हातात होता.

"मुलगी झाली. नातीला."

मी अभिनंदन केलं, बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"नातीने दवाखान्यातूनच फोन केला. अजून उठलीही नव्हती. म्हणाली, ओमा, हातांची बोटं पाच-पाच, पायांची पाच-पाच. मीच मोजली."

"सगळ्याच आया मोजतात," मी म्हटलं. "मीही मोजली होती."

"मीही मोजली होती, माझ्या मुलाची. नर्स बाहेर गेल्यावर." त्यांनी फोनच्या काचेवरून अंगठा फिरवला. "पण मी ते कोणाला फोन करून सांगितलं नाही."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, "फोटो असेल ना? बघू तरी."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहाल."